नात्याचा तास कुणाचा?

ग्वाल्हेरच्या टोपी बाजाराच्या गल्लीतल्या आमच्या घरी माळ्यावर एक गोल पत्र्याचा डबा होता. आजोबांची शिंदेशाही पगडी त्यात असायची. पगडीला कसर लागून ती केव्हाच गेली, डबा मात्र राहिला. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी त्याच्या झाकणाला खाच पाडून घेतली आणि तो नववीच्या वर्गात कपाटावर ठेवायला लागले. ज्याला काही विचारायचं असेल त्यानं चिठ्ठी टाकावी, नाव लिहू नये, एवढाच नियम.

पहिल्या आठवड्यात तीनच चिठ्ठ्या निघाल्या आणि तिन्ही टवाळीच्या होत्या. चौथ्या आठवड्यात एक निघाली, ती मी आजही शब्दशः सांगू शकते. ‘आई-बाबा एकमेकांशी माझ्यामार्फत बोलतात. मी बोलणं बंद केलं तर काय होईल?’ मूळ चिठ्ठी हिंदीत होती, वहीच्या फाडलेल्या पानावर, आणि ‘मार्फत’ला दोनदा खोडलं होतं.

प्रश्न विज्ञानाच्या शिक्षकाला दाखवला. ते म्हणाले, हे माझ्या पुस्तकात नाही. गृहविज्ञानाच्या बाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, आमच्याकडे कुटुंबाचे प्रकार आहेत, विभक्त आणि संयुक्त, त्यात हे कुठं बसवू? नागरिकशास्त्रात घटना होती, घर नव्हतं. त्या दिवशी जे कळलं ते असं: शरीर एका तासाला, स्वयंपाक दुसऱ्या तासाला, कायदा तिसऱ्या तासाला, आणि माणसामाणसांतलं नातं कुणाच्याच तासाला नाही. हे पुस्तक त्या न नेमलेल्या तासाचं पुस्तक आहे. लेखिका माझ्याच शाळेत माझ्यानंतर आल्या आणि डबा त्यांनी माझ्याकडून मागून नेला. प्रस्तावना लिहिण्याचा माझा अधिकार तेवढाच.

हे शिक्षण शाळेत आलं ते अलीकडे. त्याआधी ते नव्हतं असं नाही. हादग्याच्या फेरात, मंगळागौरीच्या जागरणात, जात्यावर बसलेल्या बाईच्या तोंडी सासू, नणंद, रुसवा, माहेर यांचा सगळा अभ्यासक्रम होता. सात-आठ वर्षांची पोर तो पाठ करत होती. त्यात गंमत होती तशी ताकीदही होती: तुला असंच सोसायचं आहे. मुलग्यांसाठी असं काही नव्हतं, हे मला फार उशिरा जाणवलं. त्यांच्या वाट्याला नंतर एक पुस्तक आलं, साने गुरुजींचं ‘श्यामची आई’, 1935 सालचं. नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या पुस्तकानं मराठी मुलग्यांना घरात रडायची परवानगी दिली, हे त्याचं मोठंच काम. पण श्यामच्या जगात नातं म्हणजे आई आणि मुलगा. पुढं श्याम नवरा झाला असता तर कसा वागला असता, हे विचारायला जागाच नव्हती.

शाळेनं घराकडे पाहिलं ते प्रथम मुलींच्या बाजूनं. दिल्लीचं लेडी आयर्विन कॉलेज 1932 चं, बडोद्याच्या विद्यापीठातली गृहविज्ञान शाखा 1950 ची. गृहशास्त्राची टिंगल करण्याची आपल्याकडे रीत आहे, मी करणार नाही. आहार, बालसंगोपन, घरखर्च यांना ज्ञानाचा दर्जा मिळाला तो त्या विषयामुळं. चूक एकच झाली, विषय मुलींचा ठरला. चपाती लाटण्याचे गुण मिळत होते, पण ती कुणासाठी आणि किती वाजता लाटायची हे कोण ठरवतं, यावर प्रश्न येत नव्हता.

दुसरी वाट शरीराच्या बाजूनं आली, आणि ती मराठी माणसानं पाडली. रघुनाथ धोंडो कर्वे गणिताचे प्राध्यापक. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र निघालं तेही त्याच वर्षी. या कामापायी कर्व्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. जुलै 1927 मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि 1953 मध्ये मरेपर्यंत ते चालवलं. त्या मासिकाचा जीव होता वाचकांच्या प्रश्नोत्तरांत. दूरदूरच्या गावांतून लोक विचारत, जे उच्चारताना आजही आपल्या शिक्षकखोलीत आवाज दबतो असलं काहीबाही, आणि कर्वे सरळ, कोरडं, गणिती उत्तर देत. त्या उत्तरांवरूनच खटला झाला. 1934 साली कोर्टात त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले, तरीही खटला हरला. मला या प्रकरणात आंबेडकरांच्या मोठेपणाइतकाच त्या अनामिक प्रश्नकर्त्यांचा मोठेपणा वाटतो. विचारणारा आधी आला, उत्तर नंतर, कायदा सगळ्यांत शेवटी.

इथं एक घरगुती गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. रघुनाथरावांची धाकटी भावजय म्हणजे इरावती कर्वे. इरावतीबाई लहानपणी वाढल्या रँग्लर परांजप्यांच्या घरी, त्यांच्या मुलीची, शकुंतलेची, सोबतीण म्हणून. आणि त्या शकुंतला परांजपे पुढं रघुनाथरावांच्याच वाटेनं गेल्या, पुण्यात कुटुंबनियोजनाचं काम वर्षानुवर्षं केलं, 1964 ते 1970 राज्यसभेत होत्या. एकानं शरीराबद्दल बोलायला शिकवलं, दुसरीनं मुलं किती हवीत ते बाईनं ठरवावं म्हटलं, तिसरीनं नात्यांचाच नकाशा काढला. हे तिघं एका नातेसंबंधांच्या जाळ्यातले, आणि आपल्या शाळेत मात्र हे तीन विषय कधी एका बाकावर बसले नाहीत.

इरावतीबाईंचा नकाशा ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला विशेष कळतो. 1953 च्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात भारतातल्या नातेव्यवस्थेचे पट्टे दाखवले आहेत. उत्तरेत गोत्राबाहेर, गावाबाहेर, शक्य तितकं लांब लग्न. दक्षिणेत नात्यातल्या नात्यात. महाराष्ट्र या दोहोंच्या मधला. दौलतराव शिंद्यांनी 1810 साली इथं छावणी टाकली, तिचं लष्कर नावाचं शहर झालं, आणि तो मधला पट्टा उचलून थेट उत्तरेत आणून ठेवला गेला. परिणाम वर्गात दिसतो. एकदा डब्यातून निघालं, ‘मामा की लड़की से शादी हो सकती है क्या?’ निम्मा वर्ग हसला, निम्मा शहारला. भिंड-मुरैन्याकडच्या मुलांना हा प्रश्न म्हणजे पापच. आणि मागच्या बाकावरची एक मराठी मुलगी शांतपणे म्हणाली, माझ्या आजीचं तसंच झालं होतं.

मग आम्ही फळ्यावर शब्द मांडले. हिंदीत ताऊ, चाचा, फूफा, मौसा अशी चार वेगळी माणसं. मराठीत या चौघांना ‘काका’ म्हणून हाक मारणारी घरं पुष्कळ. उलट जुन्या मराठीत सासऱ्याला ‘मामंजी’ आणि सासूला ‘आत्याबाई’. का बरं? कारण कधीकाळी सासरा खरोखरच मामा असायचा आणि सासू आत्या. शब्दात लग्नाची रीत गोठून राहिली. तो तास संपल्याची घंटा कुणी ऐकली नाही. एका घरात जे पाप ते दुसऱ्या घरात रीत, हे मुलांना कुणी भाषण करून सांगितलं नाही, त्यांनी फळ्यावर पाहिलं. या पुस्तकाची पद्धत साधारण अशीच आहे, आणि म्हणून हा प्रसंग लांबवला.

सरकारी वाट वेगळी. 1952 साली भारतानं कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि 1980 मध्ये शाळांसाठी लोकसंख्या शिक्षणाचा प्रकल्प आला. आम्ही मुलांकडून आलेख काढून घेतले, हसऱ्या चौकोनी कुटुंबाचं चित्र रंगवून घेतलं. कुटुंब म्हणजे मोजायची गोष्ट झाली. नव्वदीत एड्सची भीती आली, 1994 च्या कैरो लोकसंख्या परिषदेनंतर जगभर किशोरवयीनांचा विषय निघाला आणि 2005 च्या सुमारास किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम शाळांत पोचला. 2007 साली त्यातल्या चित्रांवरून गदारोळ झाला. महाराष्ट्रानं बंदी घातली, आमच्या मध्य प्रदेशानंही. 2009 मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनं शाळेत लैंगिक शिक्षण नकोच असा अहवाल दिला. मी ज्या शाळेत होते तिथं तक्ते आलेही आणि न उघडता कपाटावर गेलेही. कुणी ओरडलं नाही, कुणी विरोधही केला नाही, धूळ तेवढी बसली. बंदीपेक्षा या धुळीनं जास्त नुकसान केलं असं माझं मत आहे.

नंतर दारं हळूहळू उघडली. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा 2012 चा पॉक्सो कायदा, 2014 चा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम, 2020 मध्ये आयुष्मान भारतअंतर्गत शालेय आरोग्य कार्यक्रम, ज्यात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत नेमायचं ठरलं. मध्य प्रदेशात ‘उमंग’ नावानं नववी ते बारावीच्या मुलांसाठी जीवनकौशल्यांचे तास आले. महाराष्ट्रात सरकारची वाट न पाहता काम करणारे होतेच. गडचिरोलीच्या ‘सर्च’मधून डॉ. राणी बंग यांनी ‘तारुण्यभान’ची शिबिरं शाळाशाळांत नेली. पुण्याचं ‘पालकनीती’ मासिक आईबापांशी बोलत राहिलं, विद्या बाळ यांचं ‘मिळून साऱ्याजणी’ बायकांशी आणि मग पुरुषांशीही. 2013 च्या आरंभी रवी जाधव यांचा ‘बालक-पालक’ चित्रपट आला तेव्हा इथल्या काही मराठी घरांत आई-मुलांनी तो एकत्र पाहिला आणि परत येताना कुणीच काही बोललं नाही. तीही सुरुवातच म्हणायची.

बाहेरच्या जगात स्वीडननं 1955 साली लैंगिक शिक्षण सक्तीचं केलं. अमेरिकेत 1920 च्या दशकापासून कॉलेजांत आणि मग हायस्कुलांत कौटुंबिक जीवनाचे अभ्यासक्रम निघाले. पिठाच्या पिशवीला आठवडाभर बाळ म्हणून सांभाळण्याची तिथली युक्ती लेखिकेनं इथं करून पाहिली. तिसऱ्या दिवशी वर्गातल्या सगळ्या मुलग्यांची ‘बाळं’ त्यांच्या आया आणि बहिणी सांभाळत होत्या. परदेशी युक्ती आपल्या मातीत काय शिकवते ते असं. इंग्लंडनं सप्टेंबर 2020 पासून प्राथमिक शाळेत ‘नात्यांचं शिक्षण’ सक्तीचं केलं. शरीराच्या आधी नातं ठेवलं. क्रम मला पटतो.

या सगळ्यांत विचारांचे प्रवाह ढोबळपणे तीन-चार दिसतात. एक संस्कारवाल्यांचा. मूल चांगलं घडवा, बाकी आपोआप होईल. यात गोडवा आहे, पण मार खाणाऱ्या मुलीला तो काही देत नाही. दुसरा धोक्याचा. रोग, गर्भ, गुन्हा, फसवणूक यांची यादी द्या. पैसा सगळा या प्रवाहाकडे, कारण धोका मोजता येतो. माझ्या अनुभवात मुलं सगळ्यांत लवकर कंटाळतात ती इथंच. ज्याला प्रेमाबद्दल विचारायचं आहे त्याला तुम्ही जंतूंबद्दल सांगता. तिसरा हक्कांचा, युनेस्कोच्या 2018 च्या मार्गदर्शिकेत सविस्तर मांडलेला. तो मला सगळ्यांत जवळचा, फक्त त्याची भाषा ठरावाची आहे. आणि एक शांत प्रवाह घरातल्या कामाचा, पैशाचा, वेळेच्या वाटणीचा. गृहविज्ञानातून निघालेला आणि तिथंच अडकलेला. लेखिकेनं त्याला पहिल्यांदाच मुलग्यांच्या बाकापर्यंत आणलं आहे.

आत्ताच का, असं कुणी विचारलं तर मी दोन आकडे सांगते. 2011 च्या जनगणनेत ग्वाल्हेर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 840 मुली होत्या, शेजारच्या मुरैन्यात 829. ती मुलं आता हायस्कूल-कॉलेजच्या वयात आहेत, म्हणजे माझ्या वर्गातल्या मुलग्यांपैकी काहींना गावात मुलगी मिळणार नाही हे ती जन्मली तेव्हाच ठरलं होतं. दुसरा आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतला. 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या देशात 23.3 टक्के, मध्य प्रदेशात 23.1, आणि ज्याला आपण पुढारलेला म्हणतो त्या महाराष्ट्रात 21.9. फरक किती, तर बोटभर. लग्नसराईत ग्वाल्हेरच्या बाड्यावर, सराफ्यात, टोपी बाजारात पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीतल्या किती नवऱ्यामुलींना कुणी मर्जी विचारली होती, हे कुठल्याच दुकानाच्या पावतीवर नसतं.

‘मर्जी’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. पुस्तकात आधी ‘संमती’ होता. वर्गात तो चालेना. मुलांना संमती म्हणजे सहलीचा कागद, ज्यावर वडिलांची सही लागते. मर्जी म्हटलं की हिंदी मूलही जागं होतं, मराठीही. मग त्याच तासाला रखमाबाईंची गोष्ट येते. बालपणी लग्न झालेली ही मुलगी मोठेपणी नवऱ्याकडे जायला नाही म्हणाली. 1887 साली मुंबईच्या न्यायालयानं सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंगात जाते. पुढं तडजोड झाली, ती विलायतेला जाऊन डॉक्टर झाली. एका मुलानं विचारलं, तिला नवरा आवडत नव्हता का? वर्गातल्या मुलीनं उत्तर दिलं, तिला विचारलंच नव्हतं कुणी. मी त्यानंतर काही बोलले नाही.

एका अवघड जागेबद्दल शिक्षकांशी मोकळं बोललं पाहिजे. पॉक्सोनं वयाची रेघ अठरावर ओढली. सतरा वर्षांची दोघं एकमेकांवर जीव टाकतात, आणि त्यातलं एखादं विश्वासानं बाईंना सगळं सांगतं. कायद्यानं शिक्षकाला लैंगिक गुन्ह्याची माहिती कळवणं भाग आहे. न कळवणं हाही गुन्हा. तेव्हा ‘मला सांग, माझ्यापाशीच राहील’ हे वाक्य आता आपण म्हणू शकत नाही. पहिल्याच तासाला मुलांना सांगावं: बहुतेक गोष्टी माझ्यापाशी राहतील, काही मला पुढं सांगाव्याच लागतील, त्या कुठल्या ते आधी ऐका. यानं काही मुलं गप्प होतात. ती किंमत आहे. फसवून बोलतं करण्यापेक्षा ती बरी. लेखिकेचं आणि माझं या कायद्यातल्या वयाबद्दल एकमत नाही, पण या वाक्याबद्दल आहे.

पुस्तक मराठीत का, हा प्रश्न इथं रास्त आहे. मुलं शाळेत हिंदीत शिकतात. पण घरी भांडण मराठीत होतं, समजूत मराठीत निघते, आणि ज्या गोष्टी बोलायच्या नाहीत त्याही मराठीतच बोलल्या जात नाहीत. लेखिकेला शिक्षकांइतकेच पालक वाचक हवे आहेत. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा, हैदराबाद, जिथं जिथं मराठी घर दुसऱ्या भाषेच्या शाळेला मूल पाठवतं तिथले. महाराष्ट्रातल्या वाचकाला काही उदाहरणं लांबची वाटतील. वाटू देत.

पुस्तकात उणिवा आहेत. मुलग्यांच्या चिठ्ठ्या कमी आल्या आहेत, कारण मुलगे कमी लिहितात. लेखिकेनं त्या भरून काढायला कल्पित चिठ्ठ्या घातल्या नाहीत, हे मला आवडलं. एकटी आई, एकटा बाप, आजोबांकडे वाढणारी मुलं यांच्याबद्दल भरपूर आहे. समलिंगी ओढीबद्दल एकच प्रकरण आहे, तेही सावध. मी ते लांबवा म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, मला या गावात पुढच्या वर्षीही शिकवायचं आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वापरणाऱ्याला एक विनंती. पहिल्या पानापासून शिकवायला घेऊ नका. आधी महिनाभर वर्गात डबा ठेवा, आणि आमची पहिल्या आठवड्यातली चूक करू नका: चिठ्ठी प्रत्येकानं टाकायची, लिहायचं नसेल तर कोरी. म्हणजे डब्याकडे उठून कोण गेलं यावरून कुणी ओळखलं जात नाही. कोऱ्या चिठ्ठ्या दर आठवड्याला मोजून मांडून ठेवा. त्या कमी व्हायला लागल्या की पुस्तक उघडा.

टोपी बाजार, लष्कर, ग्वाल्हेर